किनाऱ्याचा मालक

एकोणसाठ साली जमीनमोजणीचा साहेब गाबीतवाडीत येणार असं कळलं, तसे शाळेतले भाई मास्तर रापणीच्या म्होरक्याकडे, तांडेल गुणाजीकडे, मुद्दाम गेले.

"किनारो कोणाचो म्हणान इचारल्यान, तर आमचो म्हणान सांग. दुसरा काय एक बोलां नको."

मग मास्तरांनी पुस्तकात वाचलेली हकिकत सांगितली. अमेरिकेत चेरोकी नावाची जमात होती. जमीन एकाची नव्हे, साऱ्यांची. कायदा आपला, कारभार आपला. सर्वांत मोठ्या कोर्टानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी सरकारने मूठभर लोकांच्या सह्या घेऊन त्यालाच साऱ्या जमातीचा करार म्हटलं आणि बंदुका रोखून माणसं हजार मैल हाकलली. वाटेत हजारो मेली.

"तो गोऱ्यांचो कारभार," गुणाजी म्हणाला. "आता राज्य आपला आसा, मास्तर."

बिचाऱ्याचा त्यावर खरोखर विश्वास होता.

साहेब आला तेव्हा रापण ओढणं चाललं होतं. दर्यात सोडलेलं लांबलचक जाळं, त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या आणि प्रत्येक दोरीला तीस-तीस माणसं. साहेबाला गंमत वाटली. विजार दुमडून त्यानेही दोरीला हात लावला. गुणाजीने रिवाजाप्रमाणे बांगड्यांचा एक वाटा त्याच्यापुढे ठेवला.

साहेब खूश झाला. "ही जागा कोणाची, तांडेल? मालक कोण?"

झालं! गुणाजी चढला हरभऱ्याच्या झाडावर. मास्तरांचं बजावणं तो विसरला नव्हता. पण सरकारचा माणूस आपण होऊन विचारतो आहे, तर रापणीचा मोठेपणा सांगायचा कोण सोडतो? आणि किनाऱ्यावर मालकी सांगणं त्याच्या लेखी कद्रूपणाच होता.

"मालक कोणच नाय, सायबानू. रापणीक हात लावता तेका वाटो. तुमकाय दिलो मां?"

साहेबाने शब्दन् शब्द लिहून घेतला. गुणाजीने खाली अंगठा उठवला, तोही हसत.

सहा महिन्यांनी नोटीस आली. वाडीतली पंधरा माणसं तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकुनाने कागद वाचला. "सदर जागेस मालक नाही, असे तेथील तांडेल स्वतः सांगतो. सबब जागा सरकारी पड जमीन." तिथे गोदामं व्हायची होती. महिन्याभरात होड्या हलवायच्या होत्या.

"मालक नाही म्हणजे सगळ्यांचा, साहेब," गुणाजी कसाबसा म्हणाला.

"मग तसं सांगायचं होतं," कारकून म्हणाला आणि त्याने पुढचा कागद घेतला.

वाडीने गुणाजीला शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. कोणी ब्र काढला नाही. आपल्याच हाताने साऱ्या वाडीच्या पायावर धोंडा पाडला, हे त्याला एकट्यालाच रात्रंदिवस खात राहिलं.

सुरकुतलेल्या हातांत मासळीची पाटी धरून म्हातारी गोदूबाई त्याच्या दारात आली. तिचा नवरा आणि मुलगा दोघेही दर्याने नेले होते. तिच्या आवाजात राग नव्हता.

"गुणाजी, आता होडी खंय ओढूची रे?"

तिने त्यालाच विचारलं. वाडीचा तांडेल अजून तोच होता.