अकराव्यावर पाच

विनायक सबनिसांना या स्पर्धेतून मिळण्यासारखं होतं ते एवढंच: एकशे अडतीस रविवार. बँकेतून निवृत्त व्हायला दोन वर्षं आठ महिने उरले होते, आणि त्यातला प्रत्येक रविवार पहाटेपासून दुपारच्या जेवणापर्यंत त्यांचा, बायकोचा चकार शब्द न ऐकता. बाकी हाती लागण्यासारखं काही नव्हतं. पस्तिशीपुढच्या हौशी खेळाडूंची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा. तिच्यात पहिला येणाऱ्यालासुद्धा चांदीच्या कपावर आपलं नाव वाचायला मिळतं आणि कप पुढच्या वर्षी परत द्यावा लागतो.

ही अट त्यांच्या बायकोने, प्रेमलताबाईंनी, घातली होती. कोलकात्याला बदली होऊन चार वर्षं झाली, सॉल्ट लेकमधल्या बँकेच्या क्वार्टरमध्ये पडदेसुद्धा दोनदा बदलून झाले, पण गंगेतून होडीने बेलूरला जायचं अजून राहिलंच होतं. बेलूरसकट अकरा ठिकाणांची यादी फ्रिजवर चुंबकाखाली पिवळी पडत होती. दर रविवारी साडेपाचला नवरा ती लोखंडी काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून निघे आणि दीडला मोज्यांत गवत घेऊन परत येई.

"तुम्ही कट साधलात तर निवृत्तीपर्यंत मी एका शब्दाने बोलणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "नाही साधलात तर पिशवी माळ्यावर, आणि रविवार माझे."

मुलगी नूपुर बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर साक्षीदार होती. बदल्यांमध्ये पाच शाळा झालेली पोर. तिचं मराठी जरा पोकळ वाजायचं, पण मुद्दा तिला बरोबर कळला. "आई, बाबा हरणार आहे. तू आत्ताच होडी बुक कर," ती म्हणाली.

कट म्हणजे गाळणी. स्पर्धा तीन दिवसांची. दोन दिवस सगळे खेळतात, मग सगळ्यांत कमी फटके लागलेले पहिले पन्नास जण तिसऱ्या दिवशी खेळतात आणि बाकीचे घरी जातात. पहिल्या दिवशी सबनिसांना एक्क्याऐंशी फटके लागले. संध्याकाळी क्लबात सगळे म्हणत होते की कट दोन दिवसांचे मिळून एकशे साठला बसेल. म्हणजे दुसऱ्या दिवशी एकोणऐंशी हवेत. सबनिसांनी हे घरी येऊन पाच वेळा सांगितलं, आणि प्रेमलताबाईंनी पाचव्यांदा ऐकताना ठरवलं की उद्या आपणही जायचं. मदतीला नव्हे, मोजायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या हिशेबाची वही आणि पेन्सिल घेऊन त्या मैदानावर हजर झाल्या. डिसेंबरातलं कोलकाता. मराठी माणसाला सुखाची वाटावी एवढीच थंडी, पण सबनिसांचा जोडीदार खेळाडू, अरिंदम दत्त, कानटोपीत असा बंद झाला होता की नाक तेवढं बाहेर होतं. दत्तबाबू चहाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे छत्री घेऊन त्यांची बायको सुधा चालत होती. तीस वर्षं अशीच चालते आहे, असं तिनेच पहिल्या दोन मिनिटांत हिंदीत सांगून टाकलं.

तिसऱ्या होलपर्यंत प्रेमलताबाईंच्या वहीत नवऱ्याच्या नावावर एकतीस फटके जमा झाले.

सुधाने वहीत डोकावून पाहिलं. "दीदी, हे काय?"

"मोजतेय. काठी फिरली की एक रेघ."

"अगं, चेंडूशेजारी उभं राहून नुसती फिरवतात ती सवय असते. ती धरायची नाही."

"बरं." त्यांनी सतरा रेघा खोडल्या. मग सहाव्या होलवर सबनिसांचा चेंडू तळ्यात गेला आणि सुधा म्हणाली, "आता एक जास्त लिही."

"का? त्यांनी तर काठीसुद्धा हलवली नाही."

"पाण्यात गेला की दंड. न मारलेला फटकासुद्धा भरावा लागतो."

हे मात्र प्रेमलताबाईंना लगेच पटलं. खात्यात पैसे कमी आहेत म्हणून त्यातूनच आणखी कापून घेणाऱ्या माणसांत त्यांचा संसार झाला होता.

नवव्यापर्यंत त्यांची मोजणी चोख बसली. गोल्फचा कायदा त्यांना मजेशीर वाटला: आपले फटके आपण लिहायचे नाहीत, जोडीदाराने लिहायचे. दत्तबाबूंच्या खिशात सबनिसांचं कार्ड, सबनिसांच्या खिशात दत्तबाबूंचं. शेवटी ज्याने लिहिलं त्याने वाचून दाखवायचं, ज्याचं आहे त्याने तपासायचं, आणि दोघांनी सही करायची.

"हे तर तुमच्या बँकेसारखंच," प्रेमलताबाई वाटेत नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणूनच मी यात पक्का आहे," सबनीस म्हणाले. बँकेच्या तपासणी खात्यात ते उपमहाव्यवस्थापक होते. न वाचता सह्या करणाऱ्या शाखाधिकाऱ्यांना पकडणं ही त्यांची खासियत. सप्टेंबरातच त्यांनी एका बिचाऱ्याला आठ पानी मेमो दिला होता आणि त्यातला 'सही म्हणजे शोभेची वेल नव्हे' हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवला होता.

अकरावा होल प्रेमलताबाईंच्या चांगला लक्षात राहिला. सबनिसांचा पहिला फटका सरळ गेला, दुसरा वाळूच्या खड्ड्यात, तिसरा वाळूतून बाहेर आणि मग दोन हलके टोले. पाच. दत्तबाबूंचा चेंडू मात्र झाडाला आपटून मागे आला. त्यांना सहा लागले, आणि तेवढ्या वेळात त्यांनी कोणत्या घाटावरचा इलिश अस्सल, हे सगळ्यांना समजावून सांगितलं. लिहितानाही ते माशावरच होते.

अठरावा, शेवटचा होल झाला तेव्हा वहीतली बेरीज होती एकोणऐंशी. प्रेमलताबाईंनी ती दोनदा केली. एकशे साठ. माणूस गाळणीच्या काठावर बसला होता, पाय आत टाकून.

त्यांना राग यायला हवा होता. पण अठराव्यावरून सबनीस जे आले ते असे, की चेहरा घामाने चमकतोय, शर्ट एका बाजूने बाहेर, आणि हसू आवरत नाहीये. बँकेत बढती मिळाली तेव्हासुद्धा ते असे दिसले नव्हते.

कार्डं द्यायचा तंबू दोरी लावून वेगळा केला होता. प्रेमलताबाई आणि सुधा दोरीबाहेर उभ्या होत्या, टेबलापासून फार तर बारा पावलं.

"आत एकदा दोघांचं जुळलं की झालं," सुधा म्हणाली. "दोरीच्या बाहेर पाऊल पडलं की लिहिलंय तेच खरं. कमी लिहिलं असेल तर माणूस बाद. जास्त लिहिलं असेल तर जास्तच धरतात."

आत दत्तबाबू कानटोपी वर सारून सबनिसांचं कार्ड वाचत होते. "नौ पे चार... दस पे चार... ग्यारह पे छह..."

प्रेमलताबाईंनी वही पाहिली. अकराव्यावर पाच. पेन्सिलीच्या पाच रेघा, पाचवी आडवी.

सबनीस मान डोलावत होते, पण ऐकत नव्हते. ते बाहेर बायकोकडे बघून हसत होते. एकोणऐंशी मनात पक्के झाले होते. कागद आता निव्वळ उपचार. दत्तबाबूंनी सगळं वाचून झाल्यावर पेन्सिलीने एक बारीक फुली केली आणि म्हणाले, "एइखाने, दादा." इथे, दादा.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत हाताखालच्या माणसांनी अशा फुल्या करून पुढे सरकवलेल्या कागदांची गणती नव्हती. फुली दिसली की सबनिसांचा हात आपोआप उचलला जायचा. आत्ताही उचलला गेला.

"अहो" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? प्रेमलताबाईंच्या तोंडात तो शब्द आला. तेवढ्यात डोळ्यांसमोर फ्रिजवरची यादी आली, पिवळी पडलेली. मग त्यांनी स्वतःला समजावलं की आपल्याला या खेळातलं काय कळतं, तिसऱ्या होलपर्यंत तर आपण हवेतले फटके मोजत होतो. तोवर सबनीस दोरी ओलांडून बाहेर आले.

"एकोणऐंशी," ते म्हणाले.

"हो का," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि वही पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी पाच वाजता यादी लागली. कट एकशे साठ. विनायक सबनीस, एकशे एकसष्ट. दत्तबाबू एकशे साठवर आत. सबनीस यादीसमोर बराच वेळ उभे राहिले, मग कार्ड बघायला तंबूकडे गेले आणि परत आले ते एकदम शांत होऊन. घरी आल्यावर त्यांनी स्वतः स्टूल घेतलं आणि पिशवी माळ्यावर चढवली. एका शब्दाची तक्रार नाही. हेच प्रेमलताबाईंना जड गेलं. त्यांनी भांडणाची तयारी ठेवली होती.

पहिल्या रविवारी होडीने बेलूरला गेले. सबनिसांनी हात जोडले, प्रसाद घेतला आणि परतताना पलीकडच्या घाटाकडे बघून म्हणाले, "दीडशे यार्ड. वारा धरला तर एकशे साठ." दुसऱ्या रविवारी सियालदहहून गाडी धरून यादीतल्या दुसऱ्या गावी गेले. तिथे त्यांनी देवळाबाहेरच्या हिरवळीला इतक्या मायेने हात लावला की माळी धावत आला.

तिसऱ्या रविवारी ते घरीच राहिले आणि स्वयंपाकघराची तपासणी केली.

साडेअकरापर्यंत सगळे डबे ओट्यावर होते. दुपारी बारा वाजता प्रेमलताबाईंच्या पुढ्यात दोन पानी अहवाल आला. एकूण चौदा अनियमितता. हिंग मुदतबाह्य. जिऱ्याच्या डब्यात ओवा, डब्यावर नाव मोहरी. पूर्ततेची तारीख: पुढचा रविवार.

"खाली सही कर."

प्रेमलताबाईंच्या एका हातात झारा होता. त्यांनी दुसऱ्या हाताने पेन घेऊन सही केली.

"वाचलंस?"

"नाही."

"अगं, न वाचता कधी सही..." सबनीस बोलता बोलता थांबले. मग खिडकीबाहेर बघू लागले.

प्रेमलताबाईंनी गॅस बंद केला. पर्समधून वही आणली आणि अहवालावर उघडून ठेवली. "अकराव्यावर पाच," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. कार्ड मागून पाहिलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सही वाचून करावी म्हणून मी लोकांना आठ पानं पाठवतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हरलो हे सांगणं सोपं होतं."

प्रेमलताबाई खुर्चीवर बसल्या. "मला बाहेर ऐकू आलं होतं. ग्यारह पे छह. तुम्ही सही करायच्या आधी."

सबनिसांनी चष्मा घातला आणि बायकोकडे नीट पाहिलं. "किती लांब होतीस?"

"बारा पावलं."

"हाक मारता आली असती."

"आली असती."

सबनिसांनी अहवाल पुढे ओढला. मग सबनीस म्हणाले, "ही पंधरावी धरावी लागेल." आणि अहवालावर खरोखर पंधराचा आकडा लिहिला. त्यापुढे काय लिहावं हे त्यांना सुचेना, तेव्हा प्रेमलताबाईंनीच पेन घेतलं आणि लिहिलं: बायको गप्प राहिली. पूर्ततेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: पुढचा रविवार, पहाटे साडेपाच.

मग त्याच स्टुलावर चढून त्यांनी पिशवी खाली काढली.

पुढच्या रविवारी प्रेमलताबाई स्वतः नवऱ्याला क्लबच्या दारात सोडायला गेल्या. तिथे छत्री घेऊन सुधा उभी होती.

"परत आणलास?" सुधा म्हणाली. "मीही एकदा आमच्याला घरी ठेवून पाहिला होता. दीड महिना. मग मीच आणून सोडला."

"माझ्याकडे नऊ ठिकाणांची यादी शिल्लक आहे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "येतेस?"

सुधाने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा हातातल्या छत्रीकडे. मग आत जाऊन छत्री आणि नोलेन गुडाच्या, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाच्या, संदेश मिठाईचा डबा नवऱ्याच्या पिशवीला अडकवला आणि उड्या मारत बाहेर आली, या वयात मारता येतात तेवढ्या.

तेव्हापासूनचा जमाखर्च असा. सबनिसांना त्यांचे रविवार परत मिळाले, तीन कमी, एकशे पस्तीस. प्रेमलताबाईंची यादी महिन्याला दोन ठिकाणांनी कमी होते आहे. सुधाची तीस वर्षांची चाल सुटली. पाचाच्या जागी सहा लिहिणारे दत्तबाबू त्या स्पर्धेत सत्तेचाळिसावे आले. झालं काय ते त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. एवढंच, की आता दर रविवारी आपली छत्री ते आपणच धरतात.