माय शेगावले गेली

धाड गावच्या बाजारात भाजी विकताना उकंडराव किडकं वांगं स्वतःच्या हातानं बाजूला काढत. असा सचोटीचा माणूस! पण घरात सहा वर्षांच्या नातीशी, अनूशी, ते तीन महिने खोटं बोलत होते. तिची आई तापानं गेली, तेव्हा लेकराला मामाकडे पाठवून सगळं उरकलं आणि घरानं, तिच्या बापासकट, ठरवलं की पोरीला सांगायचं नाही. आईचा फोटोही लपवला. "माय शेगावले गेली, दर्शनाले. येईल." सांगणाऱ्यांच्या मनात मायाच होती हो!

पण अनूनं जेवण टाकलं, बोलणं टाकलं. गंडेदोरे झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी बुलढाण्याहून रेणुका मॅडम एसटीनं येतात, लेकरांच्या मनाचं बघतात.

"माही नात येडी नाही!" उकंडराव फणकारले. तरी अनूला घेऊन गेले, भाजीची टोपलीही सोबत होतीच.

मॅडमकडे ना खोली, ना खेळणी. अंगणवाडीचा एक कोपरा, एवढाच दवाखाना. त्यांनी ती टोपलीच अनूपुढे सरकवली. "घर घर खेळतं का वं?"

अनूनं चपलेची एसटी केली आणि तिच्यात मोठं वांगं, म्हणजे माय, बसवलं. मिरची मात्र मागंच ठेवली.

"मिरची काऊन राह्यली?"

"तिनं लय जिद्द केली. म्हणून माय रागावली. आता येतच नाही."

उकंडराव मॅडमकडे वळले.

"म्याडम, एवढ्याशा जिवाले मरण कसं सांगू?"

"आबा, तुम्ही जवळ असले तर लेकरू दुःख झेलते. पण 'मायनं मले टाकलं' हे नाही झेलत. तुम्ही खरं लपवलं, म्हणून तिनं स्वतःवरच दोष घेतला. तुम्हीच सांगा. मी हाये इथं."

म्हाताऱ्यानं नातीला मांडीवर घेतलं. "अनू, माय शेगावले नाही गेली वं. ती तापानं मेली. आता नाही येणार. म्या खोटं बोललो."

"मंग ती माह्यावर रागावली नोहती?"

"नाही वं पोरी! कधीच नाही!"

तेव्हा अनू ओक्साबोक्शी रडली. आजाही रडला. मग नाक पुसत ती म्हणाली, "आबा, मायचा फोटो कुठी लपोला? काढा तो."

संध्याकाळी पेटीतला फोटो भिंतीवर लागला आणि अनू त्याच्याखाली बसून अर्धी भाकर जेवली.

आयाबायांनो, बाबांनो, लेकराचं दुःख आपल्याला अडवता येत नाही. पण त्या दुःखात त्याला एकटं ठेवू नका. मांडीवर घ्या आणि खरं सांगा!