शरणम्मांचं खरं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जुना म्हणा, म्हातारा म्हणा, पण बिघडलेला म्हणू नका. त्या एका शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो का होतो, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म लोखंडाचा. खाली पोतं मावेल एवढा चौकोनी पाट, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मन्मथशेठच्या आडतीवर मी तीस वर्षं तूर आणि सोयाबीन तोललं. शेतकरी माझ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे. पोतं मोजलं की हमाल ओरडायचा, "बारदान वजा करा!" म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन बाजूला काढा आणि मालाचं तेवढं खरं सांगा. दरवर्षी तपासनीस येऊन माझ्यावर शिक्का मारून जायचा. पुढे आडतीवर आकडे चमकणारा विजेचा काटा आला आणि शेठनं मला औसा रस्त्यावरच्या 'उमाई निवासा'ला देऊन टाकलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची तिथं शुश्रूषा होते. माझा पाट मोठा असल्यामुळे माणसाला खुर्चीसकट तोलता येईल, असं शेठ म्हणाले होते. मला फार बरं वाटलं होतं. पोत्यांपेक्षा माणसं बरी, मी म्हटलं.

पहिली दोन वर्षं माझा मान होता. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना माझ्यावर बसवायचे. मग व्यवस्थापक बदलले आणि व्यंकट नावाचे गृहस्थ आले. माणूस वाईट नव्हता. फरशी आरशासारखी, चादरी पांढऱ्याशुभ्र, औषधं घड्याळाच्या काट्यावर. पण जे डोळ्यांना दिसतं तेवढंच त्यांना खरं वाटायचं. पिण्याच्या पाण्याचे जार ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते त्यांनी माझ्यावर ठेवले. जार मी तोलायचो आणि माणसांची वजनं वहीत अशीच लिहिली जायची. मागच्या महिन्याचा आकडा बघायचा आणि तोच खाली लिहायचा.

मी पुरुषांच्या खोलीच्या दारात उभा होतो. तिथून एका बाजूला स्वयंपाकघर दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला बायकांची खोली. दाराजवळच्या खाटेवर शरणम्मा होत्या. वय शहात्तर, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. मोठ्या दवाखान्यातून त्यांना इथं आणलं त्याला अडीच महिने झाले होते. आल्या तेव्हा अंगानं ठीक होत्या, दवाखान्याच्या कागदावर वजन अठ्ठेचाळीस किलो होतं. मग ताट परत जायला लागलं. सेविका चमच्यानं भरवायच्या, त्या तोंड फिरवायच्या. बळेच घातलं तर निम्मं गालावरून ओघळायचं. प्रत्येक वेळी त्या डावा हात उचलून छातीवर थापटायच्या. छातीत जळजळ होत असेल म्हणून औषध दिलं. हृदयाची तपासणी झाली, ती चांगली निघाली. शेवटी व्यंकटांनी शरणम्मांच्या मुलाला, अमरेशला, सांगितलं, "दादा, मन घट्ट करा. अव्वानं अन्न सोडलंय. वय झालं की असंच अस्तंय."

अमरेश भांड्यांचा दुकानदार. दर रविवारी यायचा, आईचे पाय चेपायचा आणि मुकाट निघून जायचा. त्या दिवशी तो माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला आणि रुमालानं डोळे पुसले. अन्न सोडलं, या दोन शब्दांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. सगळे आता वाट बघत होते. मित्रांनो, कशाची ते तुम्हाला कळलं असेल.

आणि मग दर्जाची तपासणी आली. केंद्राला 'उत्तम' असं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी विशाखा नावाच्या अनुभवी परिचारिका चाळीस प्रश्नांचा कागद घेऊन सकाळी दहाला हजर झाल्या. व्यंकटांनी भिंती धुऊन घेतल्या होत्या, कुंड्या मांडल्या होत्या. विशाखाताईंनी कुंड्यांकडे बघितलं नाही. त्यांनी चादरी वर करून म्हाताऱ्यांच्या टाचा बघितल्या, पाठीवर जखमा आहेत का ते बघितलं, घंटी वाजवून माणूस किती वेळात येतो ते घड्याळ लावून मोजलं. एकेक खूण बरोबर पडत गेली. व्यंकटांच्या चेहऱ्यावर रंग चढू लागला. मग विशाखाताईंनी वजनाची वही मागितली.

वही चाळता चाळता त्यांचं बोट थांबलं. "शरणम्मा. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. एक किलोसुद्धा इकडं तिकडं नाही?"

"तब्येत टिकून हाय मॅडम त्यांची," व्यंकट म्हणाले.

"काटा कुठंय?"

"काटा बिघडलेला हाय मॅडम. दुरुस्तीला टाकणार हाय."

बिघडलेला! तीस वर्षं मोंढ्याची बोलणी खाल्लेला मी, पण हे माझ्या जिव्हारी लागलं. ओरडायला तोंड नव्हतं. विशाखाताई माझ्याजवळ आल्या, त्यांनी जारांच्या खाली वाकून माझा पाट बघितला आणि बाह्या सरसावल्या. सगळे जार त्यांनी स्वतः उतरवले. पदरानं दांडी पुसली, पितळी वजन शून्यावर आणलं आणि आधी स्वतः माझ्यावर उभ्या राहिल्या. दांडी डुलली आणि बरोबर साठावर स्थिर झाली.

"आज सकाळी घरी साठच होतं," त्या म्हणाल्या. "काटा ठणठणीत आहे. शरणम्मांना आणा."

व्यंकटांची पाचावर धारण बसली. आधी रिकामी खुर्ची ठेवली, ती तीन किलो. माझं जुनं मन म्हणालं, बारदान! मग दोघी सेविकांनी शरणम्मांना उचलून खुर्चीत बसवलं. मित्रांनो, मी शंभर किलोंची पोती पेलली आहेत, पण असं हलकं ओझं माझ्यावर कधी आलं नव्हतं. विशाखाताई पितळी वजन सरकवत गेल्या. पंचेचाळीसवर दांडी खाली. बेचाळीसवर खाली. चाळीसवर ती सरळ झाली. खुर्ची वजा केली. सदतीस.

अडीच महिन्यांत अकरा किलो माणूस गेलं होतं आणि वहीत जागचं हललं नव्हतं.

"अन्न सोडलंय मॅडम त्यांनी," व्यंकट हळूच म्हणाले. "घरच्यांना कल्पना हाय."

"अन्न का सोडलं?"

"वय झालंय."

"ते कारण नाही. मुलाला फोन लावा. आणि ताट आणा, माझ्यासमोर भरवा."

शरणम्मांना परत खाटेवर नेलं. अमरेश वीस मिनिटांत आला. दुकानातून तसाच आलेला, हाताला भांड्यांची राख. ताट घेऊन स्वयंपाकीण भामाबाई आज स्वतः खाटेपाशी आल्या. एरवी त्यांना खोलीत जायची बंदी होती. त्यांना फक्त परत आलेली ताटं दिसायची. त्यांनी दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं केला. शरणम्मांनी तोंड फिरवलं आणि डावा हात छातीवर थापटला. एकदा, दोनदा, तीनदा.

"ॲसिडिटी," व्यंकट म्हणाले.

भामाबाईंनी घास खाली ठेवला. त्या हाताकडे बघतच राहिल्या. "एक इचारू का?"

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा," व्यंकट घाईनं म्हणाले. त्यांच्या आवाजात दम होता. भामाबाईंची नोकरी त्यांच्याच हातात होती, हे मला ठाऊक होतं आणि भामाबाईंना तर नक्कीच.

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग अमरेशकडे वळून म्हणाल्या, "दादा, तुम्ही लिंगायत नव्हं? उदगीरकडं मी वीस वरसं तुमच्यातल्याच एका घरच्या रानात कामाला होते. आमी जयभीमवाले, पर ती मालकीण मला लेकीवानी धरायची. तिनं लिंगाची पूजा केल्याबिगर कधी पाण्याचा घोट घेतला न्हाई. तापानं फणफणली तरी न्हाई. अव्वाच्या गळ्यात लिंग हाय का?"

"हाय की," अमरेश म्हणाला. "लहानपणापास्नं हाय. ते कोण काढंल?"

"बघा."

त्यानं आईचा पदर बाजूला केला. गळा मोकळा होता. दोरा नाही, लिंगाची चांदीची डबी नाही. शरणम्मांनी त्याचा हात घट्ट धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मोठ्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढताना अंगावरचा सगळा धातू उतरवतात. तिथल्या माणसानं बांगड्या आणि ती डबी एका पाकिटात घातली आणि वर लिहिलं, 'दागिने'. इथं आल्यावर व्यंकटांनी नियमाप्रमाणे ते पाकीट कपाटात बंद केलं. अमरेशनं सही केली. त्याच्या मनात लिंग कधीच दागिना नव्हता, म्हणून ते पाकिटात असेल असं त्याला सुचलंच नाही. व्यंकटांना ती चांदीची डबी दिसली, म्हणून ती दागिनाच वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दहा पावलांवर कपाट होतं आणि त्या दहा पावलांत एक जीव वाळत चालला होता.

व्यंकटांना ते पाकीट आठवलं, पण कपाटाची किल्ली सापडेना. व्यंकटांनी दोन खण उपसले, खिसे चाचपले. अमरेश कपाटाला हात लावून उभा होता. मला वाटलं, आता हा ते फोडणार. शेवटी किल्ली त्यांच्याच जुडग्यात निघाली.

अमरेशनं हात धुतले, आईचे हात धुतले. डबी उघडून लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. भस्म नव्हतं. त्यानं नुसतं पाणी वाहिलं. भामाबाई दाराशी सरकून हात जोडून उभ्या राहिल्या. शरणम्मा कितीतरी वेळ तळहाताकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडलं.

सात घास. मी मोजले.

अमरेश खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला. "अव्वा, म्या दर आयतवारी येत होतो गं. एकदा बी इचारलं न्हाई."

विशाखाताईंनी कागद दुमडला. चाळीसपैकी सदतीस खुणा बरोबर होत्या. व्यंकट घुटमळत म्हणाले, "मॅडम, प्रमाणपत्राचं काय?"

"ते मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "आता बाकीच्यांना एकेक करून काट्यावर आणा. सगळ्यांना."

तेव्हा भामाबाई ताट उचलता उचलता थांबल्या. पुरुषांच्या खोलीकडे, भिंतीजवळच्या रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाल्या, "मागच्या म्हैन्यात साहेबराव गेले. त्यांचं बी ताट असंच परत येत होतं. त्यांनी बी अन्न सोडलंय असंच सांगितलं होतं आमाला."

विशाखाताईंनी वही उघडली. साहेबराव, पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न. व्यंकट खाली बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत घेतलं.

मित्रांनो, गोष्टीतल्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला पुसा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मला ते काही नको. तुमच्या घरात, शेजारी, कुठल्याही संस्थेत एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं ताट परत येत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला बोलता येत नसेल तर त्याचा हात कुठं जातो ते बघा, आणि कळेपर्यंत उठू नका. साहेबरावांना काय हवं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. तो महिनाभर मी त्यांच्या दारातच उभा होतो आणि पाण्याचे जार तोलत होतो.