चौकटींमधले बाण

"विक्रीवाले हजार पंप मागतात, तेव्हा तुम्ही सातशेच का धरता, काका?" संगणकवाल्या मुलीने विचारलं.

"त्यांना सातशेच हवे असतात. उत्पादनवाले कापणार, म्हणून चढवून सांगतात."

"आणि उत्पादनवाले?"

"ते पाचशेच जमतील म्हणून अडून बसतात. जरा कुरकुर ऐकून घेतली की सातशेवर येतात."

तिघांचे आकडे आपोआप जुळवणारं यंत्र बसवायला आलेली ती भराभर टिपून घेत होती. नियोजनाच्या या कारकुनाला पंपांच्या कारखान्यात सगळे निरोप्याच म्हणत. विक्रीसाहेब आणि उत्पादनसाहेब यांच्यात विस्तव जात नव्हता, आणि खरेदीच्या बाई दोघांवर खार खाऊन. सव्वीस वर्षं दर सोमवारी हा तिन्ही खोल्यांत फिरायचा, एकाचा राग दुसऱ्याकडे पोचेपर्यंत निम्मा करायचा आणि संध्याकाळपर्यंत तिघांच्या सह्या एका कागदावर आणायचा. बायको गेल्यापासून त्याचं माणसांशी बोलणं काय ते त्या फेऱ्यांपुरतंच उरलं होतं. तोंड मिटून बसला असता तर त्या फेऱ्या टिकल्या असत्या. पण 'तुम्हाला हे जमतं कसं?' असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. गडी फुलला आणि तीन आठवडे भडाभडा बोलला.

मुलीने पडदा त्याच्याकडे वळवला. तीन चौकटी, तीन अधिकारी.

"यात मी कुठे?"

"तुम्ही म्हणजे हे मधले बाण, काका!"

ती कौतुकाने बोलली होती. त्यालाही बरं वाटलं, वेडाच तो.

पुढच्या सोमवारी तिघांनी आपापल्या खोलीतून संगणकात आकडे भरले. यंत्राने कुणाचं किती खोटं ते बरोबर ओळखलं आणि आठ मिनिटांत सातशेवर एकमत झालं. अकरा वाजता निरोप्या सवयीने उठला आणि उत्पादनसाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काही राहिलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. सगळं जुळलंय."

"मग?"

सहज आलो, एवढंच म्हणायचं होतं. पण या खोलीत तो कधीच सहज आला नव्हता. त्याला फार एकटं वाटलं.

"विक्रीसाहेबांचा निरोप होता," तो म्हणाला. "तुमची तब्येत कशी आहे, विचारलंय."

साहेब बघतच राहिले. "त्यांनी? माझी?"

"हो."

"बरा आहे म्हणावं." हातातला कागद खाली ठेवत ते म्हणाले, "आणि त्यांचीही विचारा."

"विचारतो," निरोप्या म्हणाला आणि लगबगीने विक्रीच्या खोलीकडे निघाला.