कुसुमताईंची कमेंट

बेसाच्या त्या नव्या वसाहतीचं नाव आनंदबन. बिल्डरच्या फेसबुक पेजवर जे काही गोडगोड लिहून यायचं, ते भूमिका लिहायची. तान्ह्या चिऊला मांडीवर घेऊन, एका हाताने. नवरा रोहित सावनेरच्या खाणीत, आठवडाभर तिकडेच. चिऊ झोपली की फोटो टाकायचा, चिऊ रडली की कुणाच्या तरी तक्रारीखाली ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढं चिकटवून पाळण्याकडे धावायचं. वसाहतीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पेज नेहमी ‘आम्ही’ म्हणतं. त्या ‘आम्ही’त वरच्या मजल्यावरची लेकुरवाळी बसलेली असेल, असं कुणाच्या मनात यावं?

खालच्या कुसुमताईंच्याही आलं नाही. भूमिकाची मीटिंग असली की चिऊला त्याच घेऊन बसत. गेल्या आठवड्यात त्यांचा नातू साहिल उलट्या-जुलाबांनी पार गळून गेला, सलाइन लावावं लागलं. ताईंनी वॉचमनला इमारतीच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं, तर आत मेलेलं कबूतर! बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं, तर तिथला पोरगा म्हणाला, “काकू, नातवानं बाहेरचं काही खाल्लं असंन.”

मग ताईंनी फोनमध्ये बोलून कमेंट लिहिली. पेजवरच्या फॅन्सी ड्रेसच्या फोटोंखाली, कारण ज्याच्या पोराला जास्त अंगठे त्याला बक्षीस, म्हणून सगळी वसाहत तिथेच गोळा झाली होती. ‘माझा नातू ह्या फोटोत नाही. तो दवाखान्यात होता. टाकीत मेलेलं कबूतर निघालं. बायांनो, लेकरांना पाणी उकळून द्या.’

भूमिकाने ती वाचली. तोवर हर्षितचा फोन आलाच. बिल्डरचं पेज चालवणाऱ्या एजन्सीचं काम तो वाटून द्यायचा.

“मॅडम, ती कबूतरवाली कमेंट हाइड करा ना.”

“हर्षित, खरं आहे ते. माझ्याच बिल्डिंगची टाकी आहे.”

“खरं असो का खोटं, क्लायंट बोंबलून राहिला. डिलीट नका करू, डिलीट केलं का लोकं पेटते. हाइड केलं का लिहिणाऱ्याले अन् त्याच्या फेसबुकवरच्या दोस्तायलेच दिसते, बाकी कोणाले नाही. त्याले वाटते, आहे तिथंच आहे. अन् मॅडम, घरी बसून काम पाहिजे म्हणणाऱ्या बाया लई आहेत बरं.”

चिऊ कुशीत दूध पीत होती. भूमिकाने अंगठ्याने कमेंट झाकली. त्याच दुपारी तिने चिऊसाठी विकतच्या पाण्याची कॅन लावली.

त्या दिवसापासून ताई रोज वर यायच्या, चष्मा कपाळावर, फोन समोर धरून.

“पाय वं भूमिका, आहे ना माहं लिवलेलं?”

“आहे ना ताई.”

“मंग कोणी काहून बोलत नाही? भिवापूरच्या भाचीनं तेवढं रडकं तोंड टाकलं. इथल्या एका बाईनं अंगठा नाही देल्ला. परीच्या पंखायले शंभर अंगठे, अन् लेकराच्या पाण्याले एक नाही. दगडाचे लोकं!”

भूमिका चिऊचं झबलं बदलत राही. ते झबलं कोरडं असलं तरी.

“तू तं दे एक.”

तिने दिला, ताईंच्या देखत. ताईंच्या फोनवर टिंग झालं आणि त्या अशा हसल्या, जणू साऱ्या वसाहतीने दार उघडलं.

दोन दिवस त्या आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या, तेव्हा चिऊला घेतलं, पण फोन पदरातच.

“ते कसं काढून टाकतात वं?”

“काय?”

“माहं लिवलेलं. सारे वाचून राहिले अन् कोणीच बोलत नाही, म्हणजे कोणाले तरास नाही. मंग माहीच चूक असंन. सूनही तेच म्हणते, आई, तुम्हीच पाणी गाळलं नसंन.” कोपऱ्यातल्या कॅनकडे त्यांची नजर गेली. “तुहं बरं आहे बाई. तू पह्यलेपासूनच जपून आहे.”

आपल्या हाताने नातू आजारी पाडला, असं ती बाई मानू लागली होती. आणि चिऊ तिच्या नाकातली चमकी पकडायला बघत होती, बिनघोर.

भूमिकाने मांडीवरचा लॅपटॉप उघडला. हाइड काढलं. तेवढ्यावर भागेना, म्हणून पेजच्याच नावाने खाली लिहिलं, ‘ही तक्रार खरी आहे. आणखी कुणाला त्रास झाला?’

थोड्याच वेळात ताईंच्या पदरात टिंग. परत टिंग.

“हे काय वं?” त्यांनी चष्मा ओढला, बोट ठेवून वाचू लागल्या. “‘आमची पोरगी पण सोमवारपासून...’ हे नंदिनी. सी विंगची... ‘आमच्याकडे पाण्याला वास...’ अवं, हे तर वाचून राहिले! आजवर काय झोपले होते सारे? अन् आताच एकाएकी कसे जागे झाले?”

भूमिकाचा फोन थरथरला. हर्षित. बंद पडला, पुन्हा थरथरला.

“घे ना फोन,” ताई म्हणाल्या. “महत्त्वाचा असंन.”

“वाजू द्या.” भूमिकाने चिऊला त्यांच्याकडून घेतलं नाही. त्यांच्याच मांडीवर राहू दिलं. “ताई, बसा. ते एकाएकी कसे जागे झाले, ते आधी तुम्हाला सांगते.”