करकर थांबली तो रविवार

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातला ब्रेक पॅड. आता दोन गंजके नट आणि एक फुटका आरसा यांच्या शेजारी भंगाराच्या खोक्यात पडून असतो. मला हातात घेतलंत तर एवढासा लोखंडाचा तुकडा बघून तुम्हाला हसू येईल. पण सहा वर्षं एक अख्खं घर माझ्या भरवशावर उतार उतरत होतं.

कारखान्यात लोखंडी पाटीवर करडा मसाला दाबून, भाजून मला घडवलं. आम्ही जोडीने काम करतो. चाकाबरोबर एक पोलादी चकती फिरते. तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझा जोडीदार. पेडल दाबलं की दट्ट्या पुढे येतो, आम्ही दोघं चकतीला घट्ट धरतो आणि गाडी थांबते. दर वेळी आमचा थोडा मसाला झिजतो. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही, कामच ते आहे.

तेव्हा गाडी आजोबा चालवत. त्यांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. त्यांचा पाय असा हलका की मागे झोपलेल्याची झोप मोडत नसे. एकदा सायकलवरची एक मुलगी अचानक आडवी आली आणि आम्ही तिच्यापासून वीतभरावर थांबलो. आजोबा खाली उतरले, चाकापाशी वाकले आणि टायरवर थोपटून म्हणाले, "शाब्बास." माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण ते मला वर्षानुवर्षं पुरलं.

मग एके दिवशी गाडी लावताना आजोबांनी खांबाला दार घासलं. त्यांच्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण तापट. त्याने भर जेवणात, सगळ्यांसमोर, आजोबांच्या जुडग्यातून गाडीची किल्ली काढून घेतली. आजोबा पानावरून उठले आणि त्या दिवसापासून बापलेकांत अबोला सुरू झाला. निरोपांची ने-आण सूनबाईंकडे आली. त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत. बाहेर आठ तास उभं राहायचं आणि घरी येऊन ही हमाली. त्या अगदी मेटाकुटीला आल्या होत्या.

त्याच सुमारास माझा मसाला संपत आला. माझ्या अंगाला एक बारीक पट्टी आहे. मसाला संपला की ती चकतीला घासते आणि करकरते. मला एवढंच बोलता येतं. महिनाभर मी बोंबलत होतो आणि मुलगा रेडिओचा आवाज वाढवत होता. ओट्यावर बसलेल्या आजोबांना मात्र गाडी वळणावर असतानाच माझा आवाज कळे. "सूनबाई, त्याला म्हणावं, पॅड संपलेत." निरोप पोचला, पण मुलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी एका रविवारी तो कामाला लागला. मोबाइलवर कोणीतरी हे काम करून दाखवत होतं, ते बघत बघत. हे काम झोपेतही करील असा माणूस पाच पावलांवर खुर्ची टाकून बसला होता, पण त्याला विचारणं याच्या जिवावर येत होतं. एक मात्र कबूल करतो, त्याचा हात नेटका होता. त्याने जॅक लावला, चाक काढलं, नट वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. आम्हाला उपसून काढलं, शिकंजा लावून दट्ट्या मागे ढकलला आणि नवी जोडी बसवली. उजव्या चाकाचंही तसंच केलं. चाकं आवळून झाली तसा त्याने मोबाइल बंद केला. आता आणखी काय बघायचं राहिलं, असं त्याला वाटलं.

राहिलं होतं, मित्रांनो. मागे ढकललेला दट्ट्या पॅडपासून लांब गेलेला असतो. गाडी हलवण्याआधी पेडल दहा-पंधरा वेळा दाबून त्याला जवळ आणावं लागतं. नाहीतर पाय सरळ तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. मी वर्तमानपत्रावर पडून हे सगळं बघत होतो. चकतीपासून सुटल्यावर मला करकरताही येत नव्हतं.

आजोबांच्या ते लक्षात आलं. सूनबाई पर्स घेऊन बाहेर आल्या, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, आधी पेडल मारून घे."

"बाबा, आज तरी तुमचं तुम्ही बोला. मला उशीर होतोय," त्या म्हणाल्या.

आजोबांनी मुलाच्या पाठीकडे पाहिलं. "विचारील तर सांगीन," ते पुटपुटले. रविवारी सूनबाई बसनेच जात. गाडी लगेच बाहेर निघेल असं आजोबांच्या मनातही नव्हतं. ते सूनबाईंसाठी फाटक उघडायला उतारावरून खाली गेले.

इकडे मुलाने हात पुसत बायकोला किल्ली दिली. "आज गाडी घेऊन जा. बघ कशी थांबते ती."

मला वाटलं, कोणीतरी माझ्यावर पाय द्यावा, ठेच लागावी, काहीही व्हावं. काही झालं नाही. सूनबाई बसल्या, गाडी सुरू झाली, हँडब्रेक सुटला आणि गाडी मागे उताराला लागली. मागचे लाल दिवे पेटले, म्हणजे त्यांनी पेडल दाबलं होतं. गाडी मात्र वेगच घेत होती.

आजोबा वळले. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. "पेडल मार! परत परत मार!" ते ओरडले, पण काचा बंद होत्या. मागे रस्त्यावर भरधाव गाड्या चालल्या होत्या. बाजूला व्हायचं सोडून म्हातारा दोन्ही हात पुढे करून गाडीला आडवा झाला.

सूनबाईंनी घाबरून चार-पाचदा पेडल दाबलं आणि नव्या जोडीने चकती धरली. गाडी थांबली. पण तोवर आजोबा गाडी आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये सापडले होते. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

सूनबाई जमिनीवर बसून एकच म्हणत होत्या, "मी सांगायला हवं होतं. मला सांगितलं होतं त्यांनी." मुलाने बापाचं डोकं मांडीवर घेतलं. एका हाताने फोन करून रुग्णवाहिका बोलावली. मग अडखळत तो म्हणाला, "बाबा, अजून काही राहिलंय का हो गाडीचं?"

आजोबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "ब्रेक ऑइल बघ. आणि नट पुन्हा एकदा आवळ."

दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर बापलेक बोलले ते हे. आजोबा आता काठी घेऊन फाटकापर्यंत येतात, पुढे नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू करकरू लागलो तर कानाडोळा करू नका, ही माझी विनंती. पण आम्ही निदान करकरतो तरी. रुसलेलं माणूस तेवढंही करत नाही. त्याच्यापाशी तुम्हीच जा, आणि गाडी उताराला लागायच्या आधी जा.