योगा मॅटवर ठेवलेला पाय

एक निळी योगा मॅट.

डाव्या पायाचा बूट, नंबर नऊ.

घाणेरीचं रान.

पाठीमागे घट्ट धरलेले दोन हात.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. त्या सकाळपर्यंत मलाही तसंच वाटलं असतं.

ट्रॅक्टरच्या पाठीला जोडतात ती विंच मी. उतारावर पडलेली झाडं तारेने वर ओढून काढणं हे माझं काम. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका अरुंद वर्कशॉपमध्ये रघुपतीअण्णांनी मला घडवलं. पोटात तार गुंडाळलेला ड्रम, खाली रुंद पोलादी पाय आणि बाजूला दोन दोऱ्या. लाल दोरी ओढली की मी ओढते. पिवळी ओढली की सोडते. दोन्ही मोकळ्या असल्या की आहे तिथे धरून ठेवते.

मला देवनहळ्ळीच्या कौशल्याअक्कांच्या हवाली करताना अण्णा म्हणाले, "पाय मातीत रुतल्याशिवाय लाल दोरीला हात लावायचा नाही. हिची सगळी ताकद पायात आहे."

अक्कांचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. घरात मराठी, वेशीबाहेर कन्नड. त्या दोऱ्या सांभाळायच्या आणि त्यांचा धाकटा भाऊ संताजी ओंडक्याला साखळी बांधायचा. बारा वर्षं आम्ही नीलगिरीच्या बागांतून लाकूड ओढलं. आयुधपूजेला मला हार मिळे, कुंकू लागे. मग बागा गेल्या आणि तिथे घरांसाठी प्लॉट पाडलेले लेआउट आले. मी ताडपत्रीखाली पडून राहिले. ड्रमवर गंज चढला.

म्हणून तनयचा फोन आला तेव्हा अक्का खूश झाल्या. तो पुण्याचा, आयटीतला. डोंगरउतारावर त्याने प्लॉट घेतला होता आणि त्यात एक मोठी नीलगिरी आडवी पडली होती. शुक्रवारी भूमिपूजन होतं.

ट्रॅक्टर प्लॉटच्या वरच्या रस्त्यावर लागला. रस्त्याला नवेकोरे पेव्हर ब्लॉक.

"इथे नको," अक्का म्हणाल्या. "ते चार ब्लॉक काढू. पाय मातीत हवा."

"अक्का, प्लीज. असोसिएशनचे सेक्रेटरी त्रिविक्रम सर फोटो काढत फिरतात. एक ओरखडा दिसला तरी ग्रुपवर टाकतील." तनयने गाडीतून निळी मॅट आणली आणि माझ्या पायाखाली अंथरली. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. थोडं सांभाळून घ्या."

"आता विंचबाई सूर्यनमस्कार घालणार," संताजी म्हणाला.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सरी, चालेल. एकच तर ओंडका आहे."

मित्रांनो, मला तोंड नाही.

ओंडका निम्म्या उतारावर आला आणि एका बुंध्याला अडकला. अक्कांनी लाल दोरी सोडली. मी धरून राहिले. संताजी पहार घेऊन खाली निघाला.

"वरच्या बाजूनं जा रे."

"वर घाणेरीचं रान आहे, अक्का. दोन मिनिटांचं काम."

तो ओंडक्याच्या खालच्या बाजूला उभा राहिला आणि पहारीने रेटू लागला. ओंडका बुंध्यावरून सुटला. सगळा भार एकदम माझ्यावर आला. मातीत मी हललेही नसते. पण मॅट गुळगुळीत ब्लॉकवरून सरकली, तिच्यासोबत मी, माझ्यासोबत ट्रॅक्टर. रस्त्याच्या कडेच्या दगडाला पाय लागला तेव्हा कुठे मी थांबले. तेवढ्यात ओंडका हातभर खाली गेला होता. त्याच्यात आणि मागच्या खडकात संताजीचा डावा पाय होता.

"सोड! अक्का, सोड!"

"रिलीज करा ना, अक्का! त्याला पेन होतंय!"

अक्कांचा हात पिवळ्या दोरीकडे गेला. मला ते कळलं. दोरी किंचित ताणली गेली.

मग ती सैल पडली. अक्कांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"सोडलं तर ओंडका त्याच्या छातीवर जाईल," त्या म्हणाल्या. "ओढलं तर ही पुन्हा सरकेल. तनय, तारेपासून लांब राहून खाली जा. बाजूनं जा, खालून नाही. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना दगड लाव."

"अक्का, तू माझी बहीण आहेस की कोण?" संताजी रडत होता.

"शिव्या दे," अक्का म्हणाल्या. "तोंड चालू ठेव."

त्याने दिल्या. मराठीत दिल्या, कन्नडमध्ये दिल्या. मी धरून होते. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. कडेचा दगड माझ्या पायाखाली कुरकुरत होता. तारेचा एक धागा तुटला. मग दुसरा. मी मोजायचं सोडून दिलं.

तनयने दगड वाहिले. टोकांशी पक्के ठोकले. मग पहारीने संताजीच्या पायाखालची माती उकरली, पहार सुटली तेव्हा नखांनी. पाऊण तासाने पाय बाहेर आला. बूट आतच राहिला.

दोघेही वर रस्त्यावर आल्यावरच अक्कांनी हात सोडवले. बोटं उघडेनात.

संताजीच्या नडगीत आता सळई आहे. तो चालतो, हळू चालतो. बहिणीशी बोलायला त्याला महिना लागला. माझी तार बदलली, आणि अक्का आता पाय मातीत गेल्याशिवाय लाल दोरीला हातच लावत नाहीत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. भाराच्या खाली उभे राहू नका. ताणलेल्या तारेजवळ जाऊ नका. माझ्यासारखं कुणी तुमच्यासाठी काही धरून उभं असेल, तर आधी त्याचा पाय कशावर आहे ते वाकून बघा. आणि सगळे 'सोड' म्हणून ओरडत असतील तेव्हा, सुटल्यावर ते कुणाच्या अंगावर जाईल हे पाहिल्याशिवाय दोरीला हात लावू नका.

पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी त्या रस्त्याचे सगळे पेव्हर ब्लॉक पुढच्या आठवड्यात उखडले जातील, अशी सूचना लेआउटच्या गेटवर त्या सकाळच्या दोन दिवस आधीच लागली होती.